मुलाची पोटगी: आई-वडील वेगळे झाल्यावर महाराष्ट्रात काय करायचं, कसं करायचं

नवरा-बायको वेगळे राहू लागले की सुरुवातीच्या काही महिन्यांत बऱ्याच घरांत एकच चूक होते. "बघू, बोलून मिटेल" म्हणत अर्ज करायचा राहून जातो. मिटावंच, पण तोवर शाळेची फी कुणासाठी थांबत नाही. म्हणून सगळ्यात आधी हे लक्षात घ्या: पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. निकाल दोन वर्षांनी लागला तरी रक्कम अर्जाच्या तारखेपासून लागू होते. अर्जाआधीचे महिने मात्र सहसा हातचे जातात. बोलणी चालू ठेवा आणि अर्जही करा. एकामुळे दुसरं अडत नाही.

दुसरी गोष्ट, ही पोटगी मुलाची आहे. घटस्फोट झालेला असायला लागत नाही, नुसतं वेगळं राहत असलात तरी चालतं. आई-वडिलांचं लग्न झालेलं नसेल तरीही मुलाचा हक्क जात नाही. धर्माचाही अडसर नाही. मुस्लीम वडिलांवरही मुलं सज्ञान होईपर्यंत ही जबाबदारी राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितलं आहे. "मला काही नको" असं आई स्वतःपुरतं म्हणू शकते, पण मुलाच्या वतीने त्याचा हक्क सोडून देण्याचा अधिकार तिला नाही.

पहिली पायरी: मुलाच्या खर्चाची वही

वकिलाकडे जाण्याआधी एक वही करा. माझ्या मते पोटगीच्या प्रकरणात याहून उपयोगी कागद दुसरा नाही. "मुलांना खर्च लागतो" असं मोघम लिहिलेल्या अर्जावर न्यायाधीशांना अंदाजाने आकडा ठरवावा लागतो, आणि तो अंदाज बहुधा कमीच निघतो.

समजा मुलगी तिसरीत आहे. शाळेची वर्षाची फी ४८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,०००. व्हॅन १,५००. वह्या-पुस्तकं, गणवेश आणि बूट मिळून वर्षाला ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. शिकवणी १,२००. दूध, फळं आणि किराण्यातला तिचा वाटा ४,५००. डॉक्टर-औषधं सरासरी ८००. आजी, आई आणि मुलगी राहतात त्या घराचं भाडं १२,०००, त्यात तिचा वाटा ४,०००. एकूण १६,७५० रुपये. भाड्यातला वाटा लिहायचं अनेक जणी विसरतात. जूनमध्ये एकदम येणारा खर्च बाराने भागून धरायचंही राहून जातं. प्रत्येक ओळीमागे पावती जोडा: फीची, औषधांची, व्हॅनवाल्याला फोनवरून पाठवलेल्या पैशांची.

आता हा खर्च कोणी किती उचलायचा? आपल्याकडे पोटगीचा ठरलेला तक्ता नाही. "पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात" हे सर्रास ऐकू येतं, पण ते २०१७ च्या एका निकालातून आलंय आणि तिथे प्रश्न पत्नीच्या पोटगीचा होता. मुलांसाठी तसा नियम नाही. मुलाची गरज, दोन्ही पालकांचं उत्पन्न आणि वेगळं होण्याआधीचं राहणीमान हे सगळं न्यायालय बघतं. आई कमावती असेल तर तिचाही वाटा धरला जातो. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात मुलांच्या खर्चाची जबाबदारी वडील आणि आई यांच्यात दोनास एक अशी वाटली होती. वरच्या उदाहरणात वडिलांचा पगार ६०,००० आणि आईचा ३०,००० धरला, तर त्याच हिशेबाने वडिलांकडे साधारण ११,१७० रुपये येतात. हा नुसता अंदाज आहे, पण किती मागायचं हे ठरवताना हाताशी असावा. मुलीला आंघोळ घालण्यापासून तापात रात्र जागण्यापर्यंतचं काम वहीत येत नाही. ते कोण करतं, हे अर्जात वेगळं लिहा.

दुसरी पायरी: अर्ज कुठे आणि कोणत्या कायद्याखाली

सगळ्यांना खुला असलेला रस्ता म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. वकील आणि कारकून अजूनही "एकशे पंचवीस" म्हणतात, कारण १ जुलै २०२४ पर्यंत हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे अर्ज त्या न्यायालयात जातो, नसेल तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आई माहेरी राहायला गेली असेल तर त्या गावच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. नवऱ्याच्या शहरात तारखांना खेटे घालायची गरज नाही.

घटस्फोटाचा किंवा त्यातलाच मुलाच्या ताब्याचा दावा आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्यातच मुलाचा खर्च मागता येतो. घरात मारहाण किंवा छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचाही आधार आहे, आणि तिथे जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी अर्ज करायला मदत करतात. मूल वडिलांकडे असेल आणि आई कमावती असेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० आईलाही बांधतं. एकाहून जास्त ठिकाणी अर्ज केलात तर आधीचा आदेश न लपवता सांगा. पुढची रक्कम ठरवताना तो हिशेबात धरला जातो.

वकिलाच्या पैशांमुळे अडू नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

तिसरी पायरी: उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आणि अंतरिम पोटगी

मूळ अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत मिळायच्या पोटगीचा, अर्ज द्या. समोरच्याला नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून प्रत्येक तारखेला हजर राहा आणि या अर्जाची आठवण करून द्या.

सुरुवातीला सांगितलेल्या २०२० च्या निकालानंतर दोन्ही पालकांना आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथेवर लिहून द्यावं लागतं. खरी लढाई इथेच होते. पगारदार माणसाचं पगारपत्रक आणि फॉर्म १६ मिळतो. धंदा किंवा शेती असेल तर कागद तुम्हालाच शोधावे लागतात: सातबारा, दुकानाचा परवाना, नव्या गाडीची नोंदणी, कर्जाचे हप्ते. महिना पंधरा हजार कमावतो म्हणणारा माणूस अठरा हजारांचा हप्ता भरत असेल, तर ती विसंगती न्यायालयाच्या नजरेस आणून द्या. "नोकरी गेली" एवढं म्हणून धडधाकट माणूस सुटत नाही, मुलांसाठी अंगमेहनत करूनही कमावणं त्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. आईनेही आपला पगार लपवू नये. तो उघड झाला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

कुटुंब न्यायालयात मध्ये समुपदेशकांकडे पाठवतात. तिथे तडजोड झाली तर मुलाचं कलम पत्नीच्या पोटगीपासून वेगळं लिहून घ्या: रक्कम किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, दरवर्षी वाढ किती, शाळेची फी परस्पर शाळेत कोण भरणार, अचानक दवाखान्याचा खर्च आला तर कोणी किती द्यायचा. "योग्य तो खर्च देईन" हे वाक्य कागदावर राहू देऊ नका.

पैसे देणाऱ्या वडिलांनाही एक सांगणं आहे. रक्कम खात्यावरच पाठवा. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा उरत नाही. सायकल घेऊन दिली म्हणून त्या महिन्याची पोटगी कापायची नाही. मूल भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवायचे नाहीत, आणि पैसे आले नाहीत म्हणून आईने भेट अडवायची नाही. भेटीसाठी वेगळा अर्ज असतो.

पैसे थकले तर

वसुलीच्या अर्जाला लोक दरखास्त म्हणतात. कलम १४४ च्या आदेशातली थकबाकी देय झाल्यापासून वर्षाच्या आत मागावी लागते, त्यामुळे "अजून थोडं थांबू" म्हणत दोन वर्षं घालवू नका. ऐपत असून पैसे न देणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही. पगारावर जप्तीही आणता येते. एरवी पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी फक्त एक तृतीयांश सुरक्षित राहतो.

परिस्थिती बदलली तर आदेशही बदलतो. मूल पाचवीत गेलं आणि फी वाढली, वडिलांना बढती मिळाली किंवा त्यांना मोठं आजारपण आलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १४६ खाली रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते.

सर्वसाधारणपणे ही पोटगी अठराव्या वर्षापर्यंत असते. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या मुलाला त्यानंतरही ती मिळते. हिंदू कुटुंबातल्या अविवाहित मुलीचं स्वतःचं भागत नसेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली तिचा हक्क पुढेही राहतो. त्यासाठी अठरा पूर्ण झाल्यावर आईच्या सहीने चालत नाही, अर्ज मुलीने स्वतःच्या नावाने करायचा असतो.