नागपूरच्या परसबागेत अंजीर लावताना

अंजीर हे मूळचे पश्चिम आशियातील उष्ण आणि कोरड्या प्रदेशाचे झाड आहे. त्यामुळे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात ते तग धरणार नाही, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. वाळवंटी मुलखात घराच्या अंगणातही अंजीर फळते, कारण तेथील रेताड जमिनीतून पाणी लगेच खाली उतरते आणि हवा वर्षातील बहुतेक काळ कोरडी असते. नागपुरात ऊन तसेच कडक आहे. परंतु वर्षाचा सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो आणि तो ज्या काळ्या मातीत मुरतो ती पाणी सहजासहजी सोडत नाही. म्हणूनच येथे अंजिराची खरी कसोटी मे महिन्यात नव्हे, तर जुलै-ऑगस्टमध्ये लागते, असे माझे ठाम मत आहे.

घरच्या बागेसाठी ‘पूना फिग’ हा वाण निवडावा. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात याच अंजिराच्या बागा आहेत आणि पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मराठवाड्यातून निवडलेला ‘दिनकर’ हा वाणही चांगला आहे. या वाणांना परागीभवनाशिवाय फळ धरत असल्यामुळे अंगणात एकच झाड असले तरी चालते. स्मर्ना गटातील अंजिरांना मात्र फळ धरण्यासाठी एका विशिष्ट सूक्ष्म गांधीलमाशीची गरज असते. म्हणून वाणाचे नाव सांगता येत नसलेले परदेशी रोप घेऊ नये.

आता जागेविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण झाडाचे पुढील आयुष्य यावरच ठरते. काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरण्याची पद्धत येथे घातक ठरते: पावसाळ्यात भोवतालचे पाणी त्या मोकळ्या मातीकडे झिरपते, खड्डा हौदासारखा भरून राहतो आणि मुळे गुदमरून कुजतात. त्याऐवजी जमीन केवळ वीतभर खोल मोकळी करून तिच्यावर सुमारे दीड मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असा मातीचा उंचवटा करावा. त्यासाठी दोन भाग मूळ माती, एक भाग बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत एकत्र करून त्यात अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. पेंडीमुळे मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींनाही काहीसा आळा बसतो. उंचवट्याच्या कडेला दगड लावावेत, म्हणजे पावसाच्या माऱ्याने माती वाहून जाणार नाही. अंजिराची मुळे दूरवर पसरतात, त्यामुळे घराची भिंत, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची नळी यांपासून चार मीटर तरी अंतर ठेवावे.

रोप पाऊस ओसरल्यावर, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास लावावे. तसे केल्यास उन्हाळ्यापूर्वी त्याला मुळे धरायला चार-पाच महिने मिळतात. घरीच रोप करायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत पेन्सिलीइतक्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची पक्व काडी घेऊन पिशवीत रुजवावी.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाच्या पश्चिमेला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी उभारावी, कारण दुपारनंतरचे ऊन आणि लू (उन्हाळ्यातील उष्ण वारा) यांनी कोवळी साल भाजून तडकते. खोडाला पातळ चुना लावल्यास हा धोका आणखी कमी होतो. बुंध्याभोवती आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा पालापाचोळा पसरावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. नव्या रोपाला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड आणि मोठ्या झाडाला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या अतिउष्ण नऊ दिवसांच्या, दुपारी पाने मलूल झाली म्हणून घाईने पाणी ओतू नये. सकाळीही ती तशीच दिसली, तरच झाड तहानलेले आहे असे समजावे. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडाला घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या पाण्यातील क्षार बाष्पीभवनामुळे दाट झालेले असतात आणि काळ्या मातीत ते साचत जातात, म्हणून अंजिराला ते नियमितपणे घालू नये.

अंजिराचे फळ प्रामुख्याने नव्या फुटीवर येते. त्यामुळे फळे हवी असतील तर छाटणी टाळता येत नाही. पुरंदरकडे पावसाळ्यात धरला जाणारा खट्टा बहार आणि त्यानंतरचा मीठा बहार असे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, घेतात. येथे मीठा बहारच धरावा आणि छाटणी सप्टेंबरअखेर उरकावी, म्हणजे बहुतेक फळे एप्रिलची काहिली सुरू होण्यापूर्वी तयार होतात. वाळलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या काढून उरलेल्या फांद्या एक तृतीयांशाने कमी कराव्यात. कापलेल्या जागेतून येणारा चीक उन्हात त्वचेला भाजल्यासारखा त्रास देतो, तेव्हा हातमोजे घालावेत. युरियाचा मोह टाळावा, कारण त्याने पाने माजतात आणि फळे कमी लागतात.

पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी भुकटी दिसली, तर तो तांबेरा आहे. गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत आणि पावसाची उघडीप पाहून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी प्रत्येकी १० ग्रॅम मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून नंतर एक लिटर पाण्यात एकत्र करावे आणि ते त्याच दिवशी वापरून संपवावे.

फळे भरू लागली की पाण्यात खंड पडू देऊ नये. कोरडे पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिले तर फळे तडकतात. बुलबुल आणि कोकीळ यांच्यासाठी काही फळे मोकळी सोडून उरलेल्यांना मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात. तोडलेले कच्चे अंजीर आंब्यासारखे अढीत पिकत नाही. म्हणून फळ मऊ होऊन देठाकडून खाली झुकल्यावरच, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, देठासह तोडावे आणि दोन दिवसांत खावे.