उत्तर-मध्ययुगीन युरोपचा अभ्यास: सुरुवात एका डोईपट्टीपासून

पदव्युत्तर वर्गात उत्तर-मध्ययुगीन युरोपचा अभ्यास सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे शतवार्षिक युद्ध, प्लेगची साथ, पोपपदातील फूट आणि शेतकऱ्यांचे उठाव ही प्रकरणे सुटी सुटी येतात. परीक्षेच्या सोयीसाठी ते ठीकच आहे. परंतु माझा स्वतःचा प्रबंध ज्या वाटेने उभा राहिला तीच वाट मी नवोदितांना सुचवतो: इंग्लंडमधील १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव आधी बारकाईने वाचावा आणि बाकीचे विषय तेथून मागे-पुढे उलगडत न्यावेत. केवळ स्पर्धा परीक्षेवर डोळा ठेवून या काळाकडे वळू नये, कारण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या इतिहास या वैकल्पिक विषयातील जागतिक भाग ज्ञानोदयाच्या काळापासून सुरू होतो.

१३८१ च निवडण्याचे कारण पैशात आहे. फ्रान्सशी १३३७ पासून चाललेल्या युद्धात १३६० च्या ब्रेटिन्यी तहाने इंग्लंडच्या पदरात पडलेला बहुतेक मुलूख पुढच्या दोन दशकांत हातचा गेला आणि खजिना रिता झाला. म्हणून नोव्हेंबर १३८० मध्ये नॉर्थॅम्प्टन येथील पार्लमेंटने चार वर्षांतली तिसरी डोईपट्टी मंजूर केली. १३७७ मध्ये माणशी ४ पेन्स असलेला हा कर आता सरासरी १२ पेन्स झाला. हा आकडा वाचून पुढे न जाता त्याच्या शेजारी १३५१ चा मजूर कायदा ठेवावा. त्या कायद्याने गवत वाळवणाऱ्या मजुराची रोजची मजुरी १ पेनी आणि गवत कापणाऱ्याची ५ पेन्स ठरवली होती. प्रत्यक्षात मजूर त्याहून अधिक मिळवीत असत, हे गृहीत धरले तरी एका जोडप्यावर पडलेला बोजा किती होता, हे कागदावर मांडून पाहिल्याशिवाय जाणवत नाही.

आता करदात्यांच्या याद्या पाहाव्यात. १३७७ मध्ये सुमारे साडेतेरा लाख लोकांनी कर भरला होता. १३८१ च्या याद्यांत ही संख्या सुमारे नऊ लाखांवर आली. चार वर्षांत इतकी माणसे मेली नव्हती. गावोगाव नावे दडवली गेली, आणि त्यांत अविवाहित मुली, विधवा व घरकामाच्या स्त्रिया यांची नावे विशेष होती. सरकारने चौकशीसाठी अधिकारी पाठवले आणि मे महिन्याच्या अखेरीस एसेक्समधील ब्रेंटवुड येथे त्यांना पिटाळून लावण्यात आले; उठावाला तोंड फुटले ते येथेच. माझ्या मते या एका यादीतून त्या समाजाविषयी जितके कळते तितके लढायांच्या दहा नकाशांतून कळत नाही.

मजूर कायदा वाचताना मागे प्लेग उभा असतो. १३४८-४९ च्या साथीत इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या नष्ट झाली, मजूर मिळेनासे झाले आणि जगलेल्यांचे मोल वाढले. मजुरी राजा तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीच्या विसाव्या वर्षी होती तेवढीच राहील, असे या कायद्याने फर्मावले. हे विसावे वर्ष म्हणजे जानेवारी १३४६ पासूनचे. राज्याभिषेक शकाच्या तारखा लावण्याची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला ही पद्धत अवघड जाऊ नये. मात्र इंग्लंडचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधील घटनांचे साल दरवेळी तपासून घ्यावे.

धर्माचा धागाही येथेच हाती लागतो. उठावाचा प्रवक्ता जॉन बॉल हा धर्मगुरूच होता, आणि १४ जूनला लंडनच्या टॉवरमध्ये मारला गेलेला सायमन सडबरी हा कँटरबरीचा आर्चबिशप असून राज्याचा चान्सलर, म्हणजे राजाचा प्रमुख मंत्रीही होता. लोकांचा राग श्रद्धेवर नव्हता, तर करवसुली आणि धर्मपीठ एकाच हातात एकवटण्यावर होता, असे माझे वाचन सांगते. चर्चवर टीका करणारा ऑक्सफर्डचा धर्मपंडित जॉन विक्लिफ याच्या शिकवणुकीने हा उठाव घडवला, हे त्याच्या विरोधकांचे म्हणणे मात्र पुराव्यात टिकत नाही. त्या शिकवणुकीचा खरा प्रवास दुसरीकडे पाहावा. १३८२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या रिचर्डचा विवाह बोहेमियाच्या ॲनशी झाला, दोन्ही देशांतील संबंध वाढले आणि विक्लिफचे ग्रंथ ऑक्सफर्डहून प्रागला पोहोचले. १३७८ पासून दोन पोप परस्परांना बहिष्कृत करीत होते, आणि फ्रान्स व स्कॉटलंड एकीकडे तर इंग्लंड दुसरीकडे अशी निष्ठांची वाटणी बरीचशी युद्धाच्याच रेषेवर झाली होती. ही फूट १४१७ मध्ये ज्या कॉन्स्टन्सच्या परिषदेने मिटवली, तिनेच विक्लिफच्या विचारांनी प्रभावित झालेला प्रागचा धर्मोपदेशक यान हुस याला ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळले. त्यातून पेटलेली हुसाइट, म्हणजे हुसच्या अनुयायांची युद्धे स्वतंत्रपणे वाचण्याजोगी आहेत.

साधनांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. उठावाचे तपशील देणारे इतिवृत्तकार बहुतेक मठवासी होते; थॉमस वॉल्सिंगहॅम तर सेंट ऑल्बन्सचा, म्हणजे ज्या मठाविरुद्ध त्याचीच कुळे उठली तेथला. बंडखोरांना तो शिव्या घालतो, पण जॉन बॉलच्या नावावरचे एक पत्र त्याच्यामुळेच टिकले आहे. बंडखोरांनी काय जाळले याचीही नोंद घ्यावी: अनेक गावांत त्यांनी वेठ आणि सारा यांचे दप्तर शोधून काढून आगीत टाकले. मजूर कायद्यासारख्या मूळ साधनांची इंग्रजी भाषांतरे फोर्डम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. एम.ए.पुरती ती पुरेशी आहेत. संशोधनाकडे जायचे असेल तर लॅटिन पहिल्या वर्षीच सुरू करावी.

उठावाच्या वेळी लंडनजवळच्या माइल एंडला राजाने बंडखोरांना दिलेल्या भूदासपणातून मुक्तीच्या सनदा २ जुलैला रद्द झाल्या, तरीही पुढील शतकात इंग्लंडमधील भूदासपण हळूहळू विरत गेले. याचे श्रेय उठावाला द्यायचे की मजुरांच्या टंचाईला, हा वाद अजून संपलेला नाही. माझा कल टंचाईकडे आहे; तुमचे मत बनवण्यापूर्वी एखाद्या गावाचे १३५० ते १४५० मधील जमाखर्च मिळवून वाचावेत आणि वेठीच्या जागी रोख खंड कोणत्या वर्षापासून दिसू लागतो, ते पाहावे.