जपून ठेवायच्या डिस्कवर काय लिहावे, कुठे आणि कशाने

सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे डिस्क बर्न करा, व्हेरिफाय करा (लिहिलेला डेटा मुळाशी जुळतो का ते तपासा) आणि मगच पेनाला हात लावा. व्हेरिफायमध्ये नापास झालेली डिस्क टाकूनच द्यायची असते, तिला क्रमांक देण्यात अर्थ नाही.

क्रमांक साधा ठेवा: वर्ष आणि अनुक्रम, म्हणजे २०२४-०१७. 'फोटो', 'जुने काम' असली नावे थोड्याच काळात निरुपयोगी होतात. बर्निंग सॉफ्टवेअर डिस्कचे नाव विचारते तिथेही हाच क्रमांक 2024_017 असा टाका. इंग्रजी कॅपिटल अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढेच वापरा आणि १६ अक्षरांच्या आत राहा, कारण जोलिएट या डिस्कवर नावे साठवण्याच्या पद्धतीत त्याहून लांब नाव मावत नाही. वरची शाई उडाली तरी हे नाव डिस्कमध्ये राहते.

आता खरे नाजूक काम. बहुतेक लोक चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि वरच्या बाजूवर बिनधास्त काहीही गिरवतात. सीडीच्या बाबतीत हे अगदी उलटे आहे. सीडीची जवळपास सगळी १.२ मिलिमीटर जाडी म्हणजे खालचे पारदर्शक पॉलिकार्बोनेट. डेटा धरणारा डाय (रंगाचा थर) आणि त्यावरचा धातूचा थर अगदी वर असतात आणि त्यांच्यावर लॅकरचा फक्त एक पातळ पापुद्रा असतो. खालचा ओरखडा पुष्कळदा पॉलिशने निघतो, वरून धातूचा थर खरवडला गेला तर तिथला डेटा कायमचा गेला. म्हणून बॉलपेन नको, पेन्सिल नको. उग्र वासाचा मार्कर तर नकोच, कारण झायलीन किंवा टोल्यूइन असलेली शाई लॅकरमधून आत उतरू शकते. 'मी नेहमी त्यानेच लिहितो, काही होत नाही' हा सल्ला ऐकला की मला राग येतो. आज डिस्क वाचली जाते, यावरून ती पंधरा वर्षांनी वाचली जाईल असे ठरत नाही.

डीव्हीडीत डेटा ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे शाईचा धोका कमी. ब्लू-रेमध्ये तो खालच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणजे तिथे जपायची ती खालची बाजू. पण प्रत्येक वेळी हा विचार करत बसू नका. तिन्हींसाठी जागा एकच ठेवा: मधल्या भोकाभोवतीचे पारदर्शक कडे, वरच्या बाजूने. तिथे डेटा नसतो, धातूचा थरही नसतो. प्रिंटेबल डिस्कचा पांढरा लेप पार भोकापर्यंत आला असेल, तरी लिहायचे तिथेच.

पेन पाण्यावर आधारित शाईचे आणि मऊ टोकाचे घ्या. सीडी-डीव्हीडीसाठी म्हणून ते वेगळे मिळते. अडचण अशी की गुळगुळीत प्लास्टिकवर ही शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि अरुंद कड्यावर आकडे एकमेकांत मिसळतात. यानेच मला बराच काळ छळले. उपाय हातात आहे. डिस्क उघड्या केसमध्ये बसवा, हात स्थिर ठेवा आणि डिस्क फिरवत एकेक आकडा काढा. रेघ एकदाच ओढा. फिकी वाटली तरी वरून गिरवू नका, गिरवले की शाई फुटते. मग केस उघडीच ठेवून पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. आधी एखाद्या टाकाऊ डिस्कवर हात बसवून घ्या.

कागदी स्टिकर लावूच नका, कितीही सुबक दिसला तरी. वेगवान ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. स्टिकर जरा तिरका बसला की तोल जातो. शिवाय दमट-कोरड्या हवेने कागद आणि गोंद ताणतात, आकसतात आणि डिस्क वाकवतात. डीव्हीडीला एवढा बाकही सोसत नाही.

बाकी सगळा तपशील केसच्या कागदावर: काय आहे, कधी लिहिले, कोणत्या फॉरमॅटमध्ये. फायलींची यादी आणि चेकसम (फाइल बदलली का हे ओळखण्याचा आकडा) डिस्कबाहेर दुसऱ्या ठिकाणीही ठेवा.

आधीच स्टिकर लावलेल्या डिस्क असतील तर ते सोलू नका. सीडीवर स्टिकरबरोबर धातूचा थरही उचलला जातो. डिस्क वाचली जाते आहे तोवर डेटा कॉम्प्युटरवर उतरवा, नव्या डिस्कवर बर्न करा आणि तिला नवा क्रमांक द्या.