मृगाची घाई नको, ओल पाहून पेरा : मराठवाड्यासाठी खरीप सल्ला

हवामान बदल माणसाला ना कळतो, ना आवरता येतो, असे म्हटले जाते. पण त्याचे कारण कळलेले नाही, असे आता म्हणता येणार नाही. कोळसा जाळल्याने हवेतला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) वाढून पृथ्वी तापेल, याचे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी 1896 मध्येच मांडले होते. औद्योगिक काळापूर्वी दहा लाख भागांत सुमारे 280 भाग असलेला हा वायू आज 420 च्या पुढे गेला आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा एकदमच कोसळतो. मात्र आपल्या शिवारात अमुक तारखेला किती पाऊस पडेल, हे महिनाभर आधी कोणीही सांगू शकत नाही.

हवामानावरच्या नियंत्रणाचे म्हणाल, तर 2015 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून विमानाने कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. पण त्यालाही मुळात योग्य ढग लागतात, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उत्सर्जन घटवणे हाच खरा उपाय असला, तरी तो देशोदेशीच्या सरकारांच्या हातचा आहे आणि त्याचे फळ दिसायला दशके लागतील. येत्या खरिपात आपल्या हातात आहे ते बियाणे, पेरणीची वेळ आणि रानातल्या पाण्याला दिलेली वाट.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत अनेक ठिकाणी सोयाबीन पाण्यात राहिले, शेंगांना जागेवर कोंब फुटले. अशा रानातले घरचे बियाणे पोत्यात चांगले दिसले तरी त्यावर विसंबू नये. वेगवेगळ्या पोत्यांतून काढलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी सत्तर किंवा अधिक दाण्यांना सशक्त कोंब आले, तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. त्याहून कमी आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे आणि साठच्याही खाली गेले तर ते पेरूच नये. सोयाबीनचे टरफल पातळ असते, त्यामुळे पोती आपटू नयेत.

मृग निघाला की तिफण रानात गेलीच पाहिजे, हा हट्ट दुबार पेरणीला निमंत्रण देतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावरच, म्हणजे मातीत चिखल नसून पुरेशी ओल असतानाच, पेरावे. वरची माती ओली दिसली म्हणून फसू नये. खुरप्याने वीतभर उकरून तळची माती मुठीत दाबावी, तिचा लाडू झाला तर ओल खोलवर गेली असे समजावे. सोयाबीनचा दाणा तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हवामान आधारित सल्ला पेरणीआधी अवश्य पाहावा, कारण चार-पाच दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो.

पेरणी शक्यतो रुंद वरंबा सरी यंत्राने, म्हणजे रुंद वरंबे आणि त्यांच्यामध्ये सऱ्या पाडत पेरणाऱ्या यंत्राने, करावी. पावसात खंड पडला तर सरीत मुरलेले पाणी कामी येते आणि अतिवृष्टी झाली तर तीच सरी जादा पाणी बाहेर काढते. यंत्र मिळाले नाही तर चार ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडावी आणि कोळपणीच्या (ओळींमधले तण काढण्याच्या) वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडावी. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेतल्यास एक पीक हुकले तरी दुसरे हाती लागते.

पाऊस लांबून 15 जुलै उलटला, तर सोयाबीन, मूग आणि उडीद यांचा विचार सोडून बाजरी, सूर्यफूल, तूर किंवा एरंडीकडे वळावे.