एलसीआर मीटर घेताना आधी फ्रिक्वेन्सी बघा

एक पॉवर सप्लाय माझ्या टेबलावर दोन संध्याकाळी नुसता पडून होता. त्यातला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून मल्टिमीटरला लावला. ९३० दाखवले. ठीक आहे म्हणून परत सोल्डर केला. पुढे मित्राच्या एलसीआर मीटरवर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजणारा मीटर), १०० किलोहर्ट्झला, त्याचा ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, बघितला तर दोन ओहम! चांगला असता तर तो ओहमच्या काही शतांशांत भरला असता.

म्हणून माझी पहिली अट १०० किलोहर्ट्झची. १० पिकोफॅरडचा कपॅसिटर १ किलोहर्ट्झला साधारण १६ मेगओहमचा अडथळा होतो, मग आपला हात जवळ नेला तरी रीडिंग हलतं. तोच १०० किलोहर्ट्झला १५९ किलोओहम, आरामात मोजता येतो. १ मायक्रोहेन्रीच्या कॉइलचंही तसंच: १ किलोहर्ट्झला जेमतेम ६ मिलिओहम, म्हणजे वायरच्या रेझिस्टन्समध्येच हरवणार. खालच्या टोकाला १०० किंवा १२० हर्ट्झ हवेच, कारण इलेक्ट्रोलिटिकची किंमत डेटाशीटमध्ये सहसा १२० हर्ट्झलाच दिलेली असते.

दुसरी अट चार वायरींची. दोन वायरी करंट नेतात, दोन व्होल्टेज बघतात, म्हणून प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्स हिशेबात येत नाही. ओपन आणि शॉर्ट करेक्शनची (प्रोब मोकळे ठेवून आणि एकमेकांना जोडून त्यांचा स्वतःचा परिणाम वजा करण्याची) सोय आहे ना, तेही बघा.

अचूकतेच्या आकड्याला भुलू नका. वर ठळक छापलेले ०.१ टक्के फक्त मधल्या सोयीच्या रेंजमध्ये लागू असतात. कडेला काय होतं ते मॅन्युअलमधल्या तक्त्यात सापडतं. डिस्प्लेवर किती आकडे येतात हे मी तर बघतच नाही. डीसी बायसची (मोजताना कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज ठेवण्याची) सोयही सोडून दिली.

बजेट ताणूनही १० किलोहर्ट्झला थांबणारा बेंच मीटरच मिळत असेल, तर १०० किलोहर्ट्झचा हातातला मीटर घ्या. टेबलावर शोभणार नाही, पण कामाला येईल.

जुना घेणार असाल तर जाताना १० नॅनोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर आणि एक टक्क्याचे दोन-तीन रेझिस्टर खिशात टाका. हा कपॅसिटर १०० हर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत जवळपास तेच रीडिंग देतो. न दिल्यास मीटर संशयास्पद. मग क्लिप जरा हलवून बघा. आकडा उड्या मारू लागला तर वायर किंवा कॉन्टॅक्ट गेलेत, आणि तेवढंच असेल तर ते दुरुस्त होतं. इनपुटच जळालेला असेल तर मात्र नाद सोडा. चार्ज असलेला कपॅसिटर कोणीतरी तसाच लावलेला असतो, त्यानेच तो जळतो. माझ्या मीटरच्या बाजूला १ किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर दोन क्लिपांसकट टांगलेला आहे. कपॅसिटर आधी त्याला, मग मल्टिमीटरवर शून्य व्होल्ट बघून एलसीआरला.