वर बर्फ, खाली गरम: फ्रीजचं बायमेटल कसं तपासावं

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42 च्या पुढं गेला की फ्रीज दुरुस्तीवाल्यांची चंगळ असते. खालचा कप्पा थंड होईना म्हटलं, की बऱ्याचदा न उघडताच निदान होतं: "गॅस गेलाय." वर बर्फ जमतोय आणि खाली दूध नासतंय, असं असेल तर होकार द्यायची घाई करू नका. दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये दोष अनेकदा बायमेटलचा, म्हणजे डिफ्रॉस्ट थर्मोस्टॅटचा असतो. एका दाराच्या साध्या फ्रीजला हा भाग नसतो.

फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड कूलिंग कॉइल असते. तिच्यावर हवेतला ओलावा गोठतो. तो वितळवायला (यालाच डिफ्रॉस्ट म्हणतात) टायमर दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवून हीटरकडं वीज वळवतो, पण मध्ये बायमेटल बसलेलं असतं. त्यात दोन धातूंची चकती असते. एक जास्त आकसतो, दुसरा कमी, म्हणून गारठ्यात चकती वाकून संपर्क जुळतो. बर्फ वितळत असेपर्यंत कॉइल शून्याच्या आसपास राहते. बर्फ संपला की ती झपाट्यानं तापते, चकती उलटते आणि हीटर बंद.

(लाइट आल्यावर फ्रीज थोडा वेळ मुका राहिला तर घाबरू नका. टायमरही विजेवर चालतो. डिफ्रॉस्टच्या मध्येच लाइट गेली असेल तर उरलेला वेळ तो आता पुरा करतो.)

बायमेटल उघडंच राहिलं, म्हणजे गारठ्यातही संपर्क जुळला नाही, तर हीटर कधीच लागत नाही. कॉइल बर्फानं बुजते, पंख्याची हवा खाली पोचत नाही. उलट ते चिकटून बसलं तर हीटर गरजेपेक्षा जास्त तापतो आणि शेवटी थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज) उडतो.

आता तपासणी. आधी प्लग काढा. पॅनेलचे स्क्रू खोलून कॉइल नीट बघा, कारण खरा निकाल इथंच लागतो. सगळ्या कॉइलवर जाड बर्फ म्हणजे डिफ्रॉस्टचा बिघाड. सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ आणि बाकी कोरडी, तर गॅसची शंका खरी. बर्फ सुरीनं खरवडू नका, नळीला भोक पडलं तर खरंच गॅस भरावा लागेल. दार उघडं ठेवून रात्रभर वितळू द्या. त्यानंतर फ्रीज काही दिवस झकास चालतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. ही या दोषाची पक्की खूण.

कॉइलच्या नळीला क्लिपनं लावलेला, दोन वायरींचा छोटा गोल डबा म्हणजे बायमेटल. ते सोडवून दोन्ही वायरींना मल्टीमीटर (जोड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावा: खोलीच्या तापमानाला बीप यायला नको. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ आणि जाड्या मिठाच्या मिश्रणात दहा-पंधरा मिनिटं पुरा. नुसता बर्फ पुरत नाही, वितळताना तो शून्यावरच राहतो. आता बीप आला तर बायमेटल ठीक. मग हीटर, फ्यूज आणि टायमर तपासा. नाही आला तर बदला.

नवं बायमेटल त्याच तापमानाचं घ्या, त्याच जागी घट्ट बसवा आणि वायरींचे जोड पाणी शिरणार नाही असे बंद करा. बायमेटल वगळून वायरी थेट जोडायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. हीटरला आवर राहत नाही आणि आतलं प्लास्टिक वितळतं. सर्किट बोर्डवाल्या नव्या फ्रीजमध्ये बहुधा बायमेटलऐवजी सेन्सर असतो, त्याला ही बर्फ-मिठाची परीक्षा चालत नाही.