पोर्ट्रेटसाठी वह्यांचा खाकी कागद

पांढऱ्या कागदावर चेहरा काढताना निम्मा वेळ गाल-कपाळाची मधली छटा भरण्यातच जातो, आणि घासून घासून चित्र मळकट होतं ते वेगळंच. वह्यांना कव्हर घालून उरलेला खाकी कागद घ्या. मधली छटा तो आयतीच देतो.

१. कागदाची खडबडीत बाजू वर ठेवा. चकचकीत बाजूवर चारकोल (चित्रकलेचा कोळसा) नीट धरत नाही. घडी पडली असेल तर मागून कोमट इस्त्री फिरवा.

२. खाली तीन-चार वर्तमानपत्रं घालून पॅडला चिमटे लावा, नाहीतर पॅडवरचे ओरखडे चित्रात उमटतात.

३. चारकोल पेन्सिलीने फक्त सावल्या भरा: डोळ्यांच्या खोबणी, नाकाखाली, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली मानेवर.

४. पांढरी चारकोल पेन्सिल अगदी शेवटी. कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, डोळ्यातला ठिपका, बस्स. पेन्सिल नसेल तर फळ्याचा खडूही चालतो, फक्त तो लवकर झडतो.

बाकी कागद कोराच सोडा. हात शिवशिवतात, पण सोडा. काळा आणि पांढरा एकमेकांत मिसळू देऊ नका. निळसर राखाडी रंग होतो आणि चेहरा आजारी दिसायला लागतो. दोन्हींच्या मधे खाकीची पट्टी राहायलाच हवी.

एक मात्र लक्षात ठेवा: हा कागद काही वर्षांत काळवंडतो, ठिसूळ होतो. सरावाला उत्तम, पण फ्रेम करून कुणाला भेट द्यायचं चित्र असेल तर आम्लमुक्त (अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे असा लवकर न काळवंडणारा) रंगीत कागद विकत आणा.